दिवसाला दोनच! हॉथॉर्नच्या वायरिंग रूममधल्या चौदा जणांची केस

2022 च्या जुलैमध्ये टिकटॉकवरून 'क्वाएट क्विटिंग' हा शब्द सगळीकडे पसरला आणि लगेच सगळ्यांचा सूर असा लागला की पगारापुरतंच काम करायचं, जास्तीचं अंगावर घ्यायचं नाही हे काहीतरी नवीनच निघालंय, नवीन पोरं आळशी झालीत, लॉकडाऊनने लोकांना सवयी लावल्या, वगैरे वगैरे. त्या चर्चेत मला सारखी एक नव्वद वर्षांपूर्वीची केस आठवत होती. तिची नोंद इतकी बारीक ठेवलीय की कोण कोणाला काय बोललं, कोणी खिडकी उघडली, कोणी बंद केली, तेही सापडतं. मॅनेजमेंट शिकलेल्यांनी नाव ऐकलेलं असतं, पण बहुतेकांना त्या मालिकेतला भलताच प्रयोग लक्षात असतो. म्हणून ही केस नीट मांडतोय, जरा सविस्तर.

जागा, काळ, काम

शिकागोला लागून असलेल्या सिसेरोमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न वर्क्स नावाचा अवाढव्य कारखाना होता. टेलिफोन यंत्रणेला लागणारं सामान तिथे बनायचं, ऐन भरात असताना चाळीस हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. 1924 पासून तिथे प्रयोग चालू होते. आधी उजेड कमीजास्त करून बघितला, मग 1927 पासून रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे छोटे स्विच) जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून त्यांचे ब्रेक आणि तास बदलून बघितले आणि उत्पादन वाढत गेलं. 'हॉथॉर्न इफेक्ट' म्हणून लोकांना जे माहीत असतं ते हे, म्हणजे कोणी लक्ष देतंय म्हटल्यावर माणसं जास्त काम करतात.

त्याच मालिकेतला शेवटचा प्रयोग मात्र बरोबर उलटा निघाला. मधल्या काळात कंपनीने वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि त्यातून अंदाज आला होता की काही खात्यांमध्ये माणसं आपापसात ठरवून कामाचा वेग बांधून ठेवतात. मग नोव्हेंबर 1931 मध्ये चौदा पुरुष कामगारांना त्यांचं नेहमीचंच काम देऊन एका वेगळ्या खोलीत बसवलं. नऊ वायरमन, तीन सोल्डर करणारे, दोन इन्स्पेक्टर. काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं. एक निरीक्षक कोपऱ्यात बसून लिहून घेणार, दुसरा माणूस खोलीबाहेर त्यांच्या मुलाखती घेणार. 1932 च्या मेपर्यंत हे चाललं. नावं गुप्त ठेवायला वायरमनना डब्ल्यू-1, डब्ल्यू-2 आणि इन्स्पेक्टरांना आय असे नंबर दिले, मीही तेच वापरतो.

काम काय, तर टेलिफोन एक्स्चेंजच्या 'बँक'वर, म्हणजे टर्मिनलच्या (वायर जोडायच्या टोकांच्या) रांगांवर, वायर जोडायची. वायरमन एकेका टर्मिनलला वायर गुंडाळणार, सोल्डरवाला ती पक्की करणार, इन्स्पेक्टर तपासणार. एका पूर्ण इक्विपमेंटवर साधारण 3,000 ते 3,300 जोड असायचे, प्रकारावर अवलंबून. दिवसभर तेच, उभ्याने.

पगाराची पद्धत समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. ग्रुप पीसवर्क होतं. अख्ख्या खात्याने जेवढा माल काढला त्याचे पैसे एका ठिकाणी जमा, आणि प्रत्येकाचा जो तासाचा दर ठरलेला असेल त्या प्रमाणात वाटप. शिवाय माल आला नाही, सामान खराब निघालं, म्हणजे कामगाराच्या हातात नसलेल्या कारणाने वेळ गेला, तर तो 'डेवर्क' म्हणून वेगळा मागता यायचा. कागदावर पद्धत झकास आहे. सगळ्यांनी जोर लावला की सगळ्यांचा फायदा, कोणी ढिला पडला की बाकीचे त्याला रेटतील, असा कंपनीचा हिशोब. रेटण्याचा भाग खरा ठरला, फक्त उलट्या दिशेने.

मग झालं काय

कंपनीचं टार्गेट, ज्याला ते 'बॉगी' म्हणायचे, दिवसाला 7,312 जोड होतं. आणि खोलीतल्या माणसांचा स्वतःचा आकडा होता दिवसाला दोन इक्विपमेंट, म्हणजे प्रकाराप्रमाणे 6,000 किंवा 6,600 जोड. हे कोणी कुठे लिहिलेलं नव्हतं, मीटिंग झालेली नव्हती, युनियनचा ठराव नव्हता. पण विचारलं तर प्रत्येक जण सांगायचा की दोन म्हणजे एका दिवसाचं रीतसर काम, तेवढं झालं की झालं. सकाळी दणकून काम करायचं आणि दुपारनंतर दोन होणार याचा अंदाज आला की हात सैल सोडायचा, मग गप्पा, चेष्टामस्करी, पैजा, घोड्यांच्या रेसची चर्चा. थकल्यामुळे वेग कमी झाला असं म्हणायला जागा नाही, निरीक्षकाला स्पष्ट दिसत होतं की त्यांच्यात दम शिल्लक आहे.

इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की सरळसरळ कामचुकारपणा आहे. पण मर्यादा दोन्ही बाजूंनी होती! जास्त करणाऱ्याला 'रेट बस्टर' म्हणायचे, आणि फार कमी करणाऱ्याला 'चिझलर', म्हणजे बाकीच्यांच्या जिवावर खाणारा. दोघांनाही खोलीत मान नव्हता. तिसरा नियम होता वरच्यांकडे चुगली करायची नाही, केलीत तर 'स्क्वीलर'. आणि चौथा, आपण कोणी साहेब असल्यासारखं वागायचं नाही, इन्स्पेक्टर असलात तरीही. म्हणजे पाट्या टाकायला परवानगी नव्हतीच, रास्त काम किती याची एक समजूत होती आणि ती वरूनही पाळायची, खालूनही.

पाळायला लावायची पद्धत पण त्यांचीच. आधी टोमणे. कोणी सुसाट सुटला की 'स्पीड किंग', 'स्लेव्ह' अशी नावं. त्याने नाही भागलं तर 'बिंग'. बिंग म्हणजे दंडावर जोरात एक गुद्दा, आणि ज्याला बसला त्याला एक परत मारायचा हक्क. अर्धा खेळ, अर्धी शिक्षा.

एक प्रसंग तर असा आहे की पुढचं सगळं विश्लेषण बाजूला ठेवून फक्त तो सांगितला तरी केस कळेल. डब्ल्यू-6 भराभर काम करत होता, डब्ल्यू-8 त्याला म्हणाला बस कर आता, एवढं करून काय करणार आहेस त्याचं. डब्ल्यू-6 ने एकदम बिनतोड उत्तर दिलं की तुला काय फरक पडतो, मी जास्त केलं तर पैसे तुलाच मिळतात ना. हिशोबाने शंभर टक्के बरोबर! कंपनीची अख्खी इन्सेंटिव्ह स्कीम याच वाक्यावर उभी होती. आणि डब्ल्यू-8 चं उत्तर काय, तर थांबला नाहीस तर बिंग मारीन, आणि खरंच मारला, वर खोलीभर पळवला त्याला. मला ही नोंद वाचताना दरवेळी वाटतं की ज्याने ती पगाराची पद्धत बनवली त्याला त्या दिवशी तिथे उभं करायला हवं होतं.

डब्ल्यू-2 ची गोष्ट वेगळी आहे. तो सगळ्यात जास्त माल काढायचा, टोमण्यांना दाद द्यायचा नाही, आणि परिणाम एवढाच की तो कुठल्याच कंपूत नव्हता. खोलीत दोन कंपू पडलेले होते, एक पुढच्या बाकांचा, एक मागच्या. पुढचे स्वतःला जरा भारी समजायचे, त्यांच्या गप्पा भारी, मागचे दंगेखोर. डब्ल्यू-2 दोन्हीकडे नाही. दोनपैकी एक इन्स्पेक्टर, आय-3, नियमावर बोट ठेवून वागायचा. त्याला इतका त्रास दिला, त्याच्या कामात इतके अडथळे आणले, की शेवटी तो वर तक्रार घेऊन गेला आणि मग त्याची बदलीच झाली. म्हणजे कारखान्याचा अधिकृत तपासनीस त्या खोलीत टिकू शकला नाही, पण 'दोनच'चा नियम टिकला.

रिपोर्टमधले आकडे

हा भाग आजच्या डॅशबोर्डवाल्या मॅनेजरांनी खास वाचावा असा आहे. प्रत्यक्षात किती जोड झाले आणि माणसाने किती सांगितले यात फरक असायचा, आणि तो फरक रँडम नव्हता. एखाद्या दिवशी जास्त झालं तर थोडं मागे ठेवायचं, न सांगता, आणि ज्या दिवशी कमी भरलं त्या दिवशी ते त्यात घालायचं. त्यामुळे बहुतेकांचा आलेख आठवड्यामागून आठवडे सरळ रेषेत. आकडा वर गेला तर ते पुढच्या वेळी मागतील, खाली आला तर बोलणी बसतील, सरळ रेषेकडे कोणी बघत नाही, हा सगळा विचार त्यामागे. डेवर्कचंही तसंच. वेळ वाया गेल्याचे दावे फुगवून लिहायचे म्हणजे उरलेल्या वेळात केलेलं काम कागदावर जास्त झपाट्याने झालेलं दिसतं.

आणि हे त्यांच्या ग्रुप चीफला, म्हणजे सगळ्यात खालच्या सुपरवायझरला, माहीत नव्हतं का? चांगलंच माहीत होतं. तो रोज त्यांच्यात वावरायचा, त्याला दिसत होतं की कोण खोटे दावे लिहितंय, वायरमन आणि सोल्डरवाला मनाई असताना कामं अदलाबदल करतायत, एकमेकांना मदत करतायत. पण त्याने ताणलं असतं तर रोज भांडण आणि काम पण बसलं असतं, म्हणून तो गप्प. त्याच्या वरच्याला थोडं कमी माहीत, त्याच्या वरच्याला आणखी कमी, आणि फोरमन आत आला की खोली एकदम शिस्तीत. माहिती प्रत्येक पायरीवर गाळून वर जात होती आणि सगळ्यात वर जे पोचायचं ते होतं सरळ रेषा आणि ठीकठाक उत्पादन. उत्पादन खरंच ठीकठाक होतं म्हणा, कंपनी नाराज नव्हती.

अजून एक गोष्ट. संशोधकांनी त्यांच्या बुद्धीच्या आणि हाताच्या चपळाईच्या चाचण्या घेतल्या, कल्पना अशी की जो हुशार आणि चपळ तो जास्त माल काढत असेल. निघालं असं की सगळ्यात कमी माल काढणारा माणूस बुद्धीत पहिला आणि चपळाईत तिसरा, आणि सगळ्यात जास्त माल काढणारा बुद्धीत शेवटचा आणि चपळाईत सातवा. म्हणजे उत्पादनाचा आकडा बघून माणसाची कुवत ठरवायची सोय नाही. तो आकडा सांगत होता की हा माणूस कुठल्या कंपूत बसतो आणि त्या कंपूशी त्याचं किती पटतं.

का? इथे माझं आणि संशोधकांचं जमत नाही

कामगारांना विचारलं की असं का करता, तर उत्तरं ठरलेली. जास्त केलं तर दर कापतील. बॉगी वाढवतील. कोणाला तरी घरी बसवतील. जो मुळात हळू आहे त्याला बोलणी खावी लागतील. संशोधकांनी, म्हणजे फ्रिट्झ रोथलिसबर्गर आणि विल्यम डिक्सन यांनी 1939 मध्ये सगळा अहवाल पुस्तकातून मांडला त्यात, हे तपासलं आणि म्हटलं की या माणसांपैकी कोणीही असा दर कापलेला अनुभवलेला नाही, कामाची पद्धत बदलल्याशिवाय दर बदलायचा नाही असं कंपनीचं धोरण आहे, तेव्हा ही भीती तर्काची नाही, भावनेची आहे. गट स्वतःला बाहेरच्या ढवळाढवळीपासून वाचवतोय, बाकी कारणं नंतर चिकटवलेली. या प्रयोगांशी जोडलेले हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींचा एकूण कल तोच.

गटाचा भाग पटतो मला. पण भीती बिनबुडाची होती हे अजिबात पटत नाही. साल बघा ना, 1931-32. महामंदी ऐन जोरात. त्याच कारखान्यातली चाळीस हजारांची फौज काही वर्षांत काही हजारांवर आली. माणसं रोज शेजारचा बाक रिकामा होताना बघत होती. आणि या प्रयोगाचा शेवट कसा झाला, तर काम उरलं नाही म्हणून खोलीच बंद करावी लागली! ज्या माणसांना वाटत होतं की हातातलं काम भराभर संपवलं तर आपणच संपू, त्यांना तर्कहीन म्हणणाऱ्या संशोधकांचा प्रयोग कामाअभावी गुंडाळला गेला. हळू काम करून मंदी थांबत नाही हे खरं, पण त्या चौदा जणांपुरतं बघितलं तर काम पुरवून वापरणं यात वेडेपणा काय आहे मला कळत नाही.

दर कापण्याचं म्हणाल तर, 1911 मध्ये फ्रेडरिक टेलरने, म्हणजे स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभं राहण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाने, स्वतः लिहून ठेवलंय की कामगार ठरवून हात आखडतात त्याचं एक मोठं कारण मालकांनी वेळोवेळी कापलेले दर हे आहे. एखाद्याने जोर लावून जास्त कमावलं की मालक दर खाली आणतो, मग तीच कमाई करायला दुप्पट राबा, हा धडा एकदा मिळाला की पुरतो. आणि तो धडा स्वतःला मिळायला लागत नाही, काकाला किंवा आधीच्या कंपनीतल्या मित्राला मिळाला तरी पुरतो. पुढे 1940 च्या दशकात डोनाल्ड रॉय नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एका मशीन शॉपमध्ये स्वतः ड्रिल ऑपरेटर म्हणून काम केलं तेव्हा त्यालाही तेच दिसलं. तिथे तर वैयक्तिक पीस रेट होता, तरी चांगल्या दराच्या कामावरही माणसं एका ठरावीक कमाईला पोचली की थांबायची, कारण त्याच्या वर गेलं की वेळ मोजणारा माणूस येणार.

म्हणून या केसमध्ये माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे की जास्तीच्या कामातून जे निघतं ते शेवटी कोणाच्या पदरात पडतं, आणि उद्याही त्याच्याच पदरात पडेल याची खात्री कोण देतं. त्या खोलीत खात्री द्यायला धोरणाचा कागद होता, आणि कागदावर कोणाचा विश्वास नव्हता.

आज हीच केस कशी दिसते

गॅलप या सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीने 2022 मध्ये म्हटलं की अमेरिकेतले निदान निम्मे कर्मचारी क्वाएट क्विटर आहेत, पुढच्या वर्षीच्या जागतिक अहवालात 59 टक्के. त्याच सुमाराला जॅक झेंगर आणि जोसेफ फोकमन या नेतृत्वावर सल्ला देणाऱ्या दोघांनी त्यांच्याकडचा मॅनेजरांच्या मूल्यमापनाचा डेटा मांडला, की सगळ्यात वाईट ठरलेल्या मॅनेजरांच्या हाताखाली असे लोक सगळ्यात चांगल्यांच्या तुलनेत तीन ते चार पट. बॉस वाईट म्हणून माणसं हात आखडतात हा निष्कर्ष सोयीचा आहे, बॉस बदलला की झालं. पण हॉथॉर्नचा ग्रुप चीफ वाईट नव्हता हो, उलट माणसांना सांभाळून घेणारा होता, तरी आकडा दोनवरून हलला नाही. चांगला बॉस उद्याच्या टार्गेटची हमी देऊ शकत नाही, कारण टार्गेट तो ठरवतच नाही.

मोठा फरक मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. वायरिंग रूममधली मर्यादा सगळ्यांची होती. रास्त काम किती हे चौदा जणांना माहीत होतं, त्यामुळे तेवढंच करणाऱ्या माणसावर 'हा कमी करतो' असा शिक्का बसायचा नाही, शिक्का बसायचा तो त्याच्या वर किंवा फार खाली जाणाऱ्यावर. आजचा माणूस स्वतःच्या डोक्यात रेषा आखतो, सहा नंतर लॅपटॉप बंद, सुट्टीत मेसेज नाही, दुसऱ्याचा प्रोजेक्ट अंगावर नाही, आणि शेजारच्याला सांगत पण नाही कारण शेजारचा त्याच प्रमोशनच्या रांगेत उभा आहे. मग अप्रेझलला दोघांची तुलना होते आणि ज्याने रेषा आखली तो 'कमिटमेंट कमी' या खान्यात. पूर्वी डब्ल्यू-2 एकटा पडायचा, आता डब्ल्यू-2 सोडून बाकी सगळे एकेकटे पडतात. मॅनेजरच्या बाजूने बघितलं तर हेही काही फार सुखाचं नाही, कारण ठरलेला तळ पण गेला. त्या खोलीत चिझलरला त्याचेच सोबती सरळ करायचे, आता कोणी किती खाली जायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

यावर काही देशांनी कायद्याने उत्तर काढलंय. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून निदान पन्नास कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-मेल बंद ठेवण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात, ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून वेळेबाहेरच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क आला, नकार अवाजवी नसेल तर. याचा फायदा असा की रेषा परत सगळ्यांची होते, एकट्याला शूरपणा दाखवावा लागत नाही. पण हे कायदे तासांचे आहेत. हॉथॉर्नच्या माणसांचा मुद्दा तासांचा नव्हता, त्यांनी बांधून ठेवला होता तो त्या तासांच्या आतला वेग. आजही सहाच्या आत आठ तासांत किती तिकिटं बंद करायची, किती कॉल घ्यायचे, किती फायली हातावेगळ्या करायच्या हा आकडा कंपनीच ठरवते आणि दर तिमाहीला वर सरकवते, आणि त्याबद्दल या दोन्ही कायद्यांमध्ये काही नाही.